कुलपाला तेल

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बसलेला मी अख्ख्या आयुष्यात तीनदाच पाहिला. बाकी सगळा काळ ते उभे तरी होते, चालत तरी होते, नाहीतर कशावर तरी चढलेले होते. पहिल्यांदा बसले ते स्वतःच्या लग्नात, आणि तेही नाइलाजानं, कारण होमासमोर नवरदेवाला उभं राहता येत नाही. तिथंसुद्धा आपला पाट डगडगतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. भटजी मंत्र म्हणत होते आणि नवरदेव एका हातानं मुंडावळ्या सावरत, दुसऱ्या हातानं आंब्याचं पान दुमडून पाटाखाली सारत होते. माझी बहीण शेजारीच होती. पुढं ती सांगायची, "मला वाटलं, ह्यांचं काहीतरी हरवलंय. मी पण शोधायला लागले." त्या दिवसापासून ती त्यांच्या मागं ताट, टॉवेल आणि चहाचा कप घेऊन जी फिरत राहिली ती शेवटपर्यंत. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे, कारण मी आटगावच्या बाजूला शाळेत शिकवायचो आणि शिस्तीचा माणूस म्हणून ओळखला जायचो. या शिस्तीबद्दल पुढं सांगायचंच आहे.

दाजींना जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला त्यांच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका छापून घरोघरी द्यावी असं त्यांच्या लेकीच्या, वैशालीच्या मनात आलं. टोकावड्याहून तिचा फोन आला. "मामा, तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं कुणाला जमायचं नाही." मी हो म्हणालो. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "फक्त ते गंजीचं लिहू नका."

ते गंजीचं म्हणजे काय, हे आमच्या नात्यागोत्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. लेकीच्या लग्नादिवशी दाजी सकाळपासून गवताची गंजी झाकत बसले. त्या नादात सासूला आणायचं विसरले. ऐन मुहूर्ताच्या तोंडावर आठवलं, तेव्हा मोटारसायकलला लाथ मारून निघून गेले, आणि इकडं कन्यादानाला बापच नाही. अशी ती गोष्ट. गेली वीस वर्षं लोक ती ऐकून पोट धरून हसले आहेत. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती सांगणारा मी आहे. तेव्हा वैशालीचं ऐकून ती गाळता यायची नाही. खरं तर तेवढ्याचसाठी मी हे लिहायला घेतलं आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर असली गोष्ट लोकांनी इतक्या सहज खरी का मानली ते कळणार नाही.

दाजींचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला. पावसाळ्यात भात, दिवाळी सरली की गवत कापून त्याचे भारे बांधायचे, थंडीत भेंडी, उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पाला आणि शेण पसरून राब भाजायचा. याच्या मधल्या वेळात ते आराम करत, म्हणजे दुसऱ्याचं काम करत. आमच्या घरी आले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी घराला एक फेरी व्हायची. ठिबकणारा नळ, सैल झालेली कपड्यांची दोरी, कुरकुरणारं फाटक, सगळं त्यांच्या नजरेला पडायचं आणि त्यांच्या खिशात त्यावर काहीतरी इलाज असायचाच. एकदा मी खुर्चीत पेपर वाचत होतो. मागून आवाज आला, "मास्तर, जरा डावीकडं कलंडा." मी कलंडलो. ठक ठक झालं. "आता उजवीकडं." मी उजवीकडं कलंडलो. अग्रलेख संपेपर्यंत माझ्या खुर्चीचे चारही पाय घट्ट झाले होते. माणसाला उठवून खुर्ची घ्यावी, एवढाही वेळ त्यांना वाया घालवायचा नव्हता.

एसटीत ते बसत नसत. अख्खी गाडी रिकामी असली तरी मुरबाडपासून दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणायचा, "बाबा, बसा की, जागा काय विकत नाय घ्यायची." यांचं उत्तर ठरलेलं, "बसलं की पाय इचारतात, आता काय? मग त्यांना सांगायला काय तरी लागतं." दुखवट्याला गेले तर आणखीच पंचाईत. टोकावड्याला एका घरी कर्ता माणूस गेला म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. मी रीतीप्रमाणं घोंगडीवर बसून मान हलवत होतो. दाजी शेजारी नाहीत हे मला जरा उशिरा कळलं. आत बायकांचं रडणं चालू, आणि डोक्यावर कौलांची खडखड. ते आढ्यावर चढून सरकलेली कौलं बसवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना मी त्यांना बरंच सुनावलं. ते एवढंच म्हणाले, "रडायला तुमी होताव की." पावसाळा संपल्यावर त्या घरच्या बाईनं निरोप पाठवला, की भेटायला पुष्कळ लोक आले होते, पण घर कोरडं राहिलं ते एकामुळं.

हे सगळं हात चालवणं कुणासाठी होतं, हे मात्र त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. बायकोशी गोड बोलताना त्यांना कुणी ऐकलं नसेल. पण माझ्या बहिणीनं लग्नानंतर विहिरीवरून एक हंडा आणल्याचं मला आठवत नाही. ती उठायच्या आधी पाणी भरलेलं आणि तापलेलं असायचं. कुठंही जेवायला गेले की स्वतःच्या पानातली जिलबी पळसाच्या पानात बांधून खिशात घालायचे, वैशालीसाठी. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला मुंग्यांची ये-जा असायची. एका वर्षी बहीण तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा पोरीच्या वेण्या घालायचं काम त्यांच्याकडं आलं. त्यांना गाठ एकच माहीत. पेंढ्याचे दोन पदर घ्यायचे, पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं, की भारा मुरबाडच्या बाजारापर्यंत सुटत नाही. वैशालीच्या वेण्या त्यांनी तशाच बांधल्या. पोरगी आठ दिवस भुवया वर ताणलेल्या अवस्थेत शाळेत गेली. बाईंना वाटलं, हिला प्रत्येक गोष्टीचं आश्चर्य वाटतंय. शेवटी रिबिनी कात्रीनं कापाव्या लागल्या. वैशाली त्यातली एक कापलेली रिबिन अजून जपून आहे, असं ऐकून होतो.

आता लग्नाचा दिवस.

लग्न दाजींच्या दारात होतं. आमच्या घरून तिथवर शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा सगळा वळसा, जीपला सहज दोन तास. माझी बायको लग्नघरी कामाला म्हणून चार दिवस आधीच गेली होती. माझ्याकडं दोन जीप भरून माणसं आणायचं काम होतं आणि त्यात माझी आई होती, नवरीची आजी. मी सकाळी यादी हातात घेऊन उभा राहिलो. शाळेची सहल न्यावी तशी माणसं मोजली. मागचं दार बाहेरून कडी घालून बंद केलं, पुढच्या दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चावी खिशात टाकली. माझ्या जीपमधल्यांना वाटलं, आई दुसऱ्या जीपमध्ये आहे. दुसरीतल्यांना वाटलं, मुलाबरोबर आहे. मला काहीच वाटलं नाही, कारण यादीत आईचं नाव मी लिहिलंच नव्हतं. घरच्या माणसाचं नाव कोण लिहितं? ती आतल्या खोलीत ठेवणीतलं नऊवारी नेसत होती. तिला कमी ऐकू यायचं. शेजारपाजारचे सगळे आमच्याच जीपमध्ये होते.

मुहूर्त बाराच्या पुढं होता. अकराच्या सुमाराला बहीण माझ्याजवळ आली. "दादा, आई कुठं हाय? तिला म्होरं बसवायची." मी म्हणालो, "असेल बायकांत." ती गेली. माझा हात खिशात गेला आणि चावी बोटांना लागली. त्या क्षणी मला काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईचा विचार नंतर आला. पहिला विचार आला तो हा, की लोक म्हणतील, मास्तरनं आईला कोंडून ठेवली.

दाजी मांडवाच्या खांबावर चढून दोर आवळत होते. मी खालून हाक मारली. ते उतरले. मी कसंबसं सांगितलं.

"आणखी कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

"घरात पाणी हाय?"

"माठ भरलेला आहे."

"मग नाय काय होत म्हातारीला. चावी द्या."

"मी जातो, दाजी. तुम्ही बाप आहात."

"बापाचं काम भाऊ-वयनी करतील. मामा दुसरा कुठून आणू? पोरीला मामा एक."

ते खरं होतं. आमच्यात मामाशिवाय मुलगी बोहल्यावर येत नाही. अंतरपाटाच्या अलीकडं तिच्या पाठीशी मामाच उभा लागतो, आणि मी बहिणीचा एकटाच भाऊ. दुसऱ्या कुणाला पाठवा असंही मी म्हणू शकलो असतो. पण दुसऱ्याला पाठवायचं तर दुसऱ्याला सांगावं लागलं असतं. म्हणून मी जे बोलू नये ते बोललो. "दाजी, एवढं कुणाला कळू देऊ नका."

त्यांनी गमछ्याला हात पुसले. भाऱ्याला पीळ देताना जेवढा वेळ लागे, तेवढ्याच वेळात त्यांनी सगळं जुळवलं. "आईला जीपमध्ये मळमळतं. म्हणून तुमी ती माझ्यावर सोपवलीत. मी गाडीवर आणणार होतो. मी इसरलो. तुमाला वाटलं, मी घेऊन गेलो, म्हणून तुमी कुलूप लावलंत. ध्यानात रायल?" मी मान हलवली. "मग जा. फेटा नीट करा." एवढं म्हणून त्यांनी गाडीला लाथ मारली.

मी नवरीला बोहल्यावर आणलं. मंगलाष्टका चालू असताना अंतरपाटाआडून ती मान न वळवता पुटपुटली, "मामा, बाबा कुठं हायत?" मी म्हणालो, "येतात." कन्यादानाला तिचे चुलता-चुलती बसले. माझी बहीण बाजूला उभी होती. पाटावर बसलेल्यांकडं न बघता ती मांडवाच्या तोंडाकडं बघत होती. मग विचारणा सुरू झाली. मी ठरलेलं सांगितलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वराकडचा एक पाहुणा म्हणाला, "असा कसा बाप विसरेल, लेकीच्या लग्नात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, सकाळी जरा आभाळ आलं ना, गडी गंजी झाकत बसला." सगळे हसले. दाजींना ओळखणारे तर जास्तच हसले. त्या हशानं माझी छाती हलकी झाली, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला.

साडेतीनला ते आले. मागच्या सीटवर आई, नऊवारीचा काष्टा सावरत, डोक्याला दाजींचा गमछा बांधलेला, आणि तोंड सुरू. दाजींनी तिलाही तेच ठरलेलं सांगितलं होतं, आणि शहापूरपासून ती त्यांना बोलत आली होती. मांडवात उतरल्यावरही थांबली नाही. "जावई नाय, वारा हाय वारा. माणूस इसरतो, अख्खी सासू इसरतो?" दाजी मान खाली घालून ऐकत होते. ती पुढं सहा वर्षं जगली आणि दर सणाला त्यांना हेच ऐकवलं. मी दर सणाला तिथंच असायचो.

वैशाली तेव्हा सजवलेल्या गाडीत बसली होती. दाजींनी उघड्या काचेतून हात आत घातला. पोरीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. गाडी धुरळा उडवत गेली. मग ते मांडवाच्या खांबाशी आले, तिथं एक घमेलं पालथं पडलं होतं, त्यावर बसले. हे दुसऱ्यांदा. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी खिशातून माझी चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "कुलूप लई जड जात होतं, मास्तर. एखाद्या दिवशी चावी मोडली असती. तेल घातलंय. मागच्या कडीला पण."

त्यांच्या पोटच्या पोरीचं कन्यादान चाललं होतं, तेव्हा ते माझ्या दारात उभे राहून माझ्या कुलपाला तेल घालत होते. मी त्या दिवसापासून या एका वाक्याशी झगडतो आहे.

आणि तरी मी ती गोष्ट सांगत राहिलो. बारशी, साखरपुडे, निवृत्तीचे समारंभ, कुठंही कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, ते गंजीचं होऊ द्या." मी होऊ द्यायचो. दर वेळी गंजी जरा उंच व्हायची. पुढं पुढं तर दाजी गंजीवरून मंगलाष्टकांच्या तालावर गवत दाबायचे, असंही मी घातलं. ते स्वतः असले तर कोपऱ्यात काहीतरी ठोकत असायचे आणि सगळ्यांबरोबर हसायचे. वैशाली मात्र हसायची नाही. दाजी टोकावड्याला तिच्याकडं जायचे, गोठ्याचं दार, विहिरीचा रहाट, काय असेल ते नीट करून यायचे. ती त्यांना चहा द्यायची आणि आत जायची. आमच्याकडं आले की मात्र पहिल्यांदा कुलूप. न बोलता बाटलीतून दोन थेंब, चावी दोनदा फिरवायची, झालं. त्यात मला चिमटा काढावा असं त्यांच्या मनातही नसणार. ते कुलूप होतं आणि त्याला तेल लागत होतं, एवढंच.

तिसऱ्यांदा मी त्यांना बसलेलं पाहिलं ते गेल्या वर्षी. बहीण त्याच्या आधी दोन वर्षं गेली होती. ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, अंगावर शाल, पायांत बळ उरलेलं नव्हतं, पण बोटं पेंढ्याच्या काड्या घेऊन पीळ देतच होती. मी सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "दाजी, मी वैशालीला खरं काय ते सांगतो."

"आता?" ते जरा हसले. "तुमी ती गोष्ट चांगली सांगता, मास्तर. मला पण हसू येतं." मग पीळ हातातच धरून म्हणाले, "फकस्त ती असली की सांगत जाऊ नका. ती हसत नाय." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुलपाचं कसं हाय?" मी म्हणालो, "बरं चाललंय."

तेराव्याला पंगत उठल्यावर कुणीतरी म्हणालं, "मास्तर, दाजींची आठवण म्हणून गंजीचं सांगा." मी सांगितलं. माणसं डोळे पुसत हसली. हशा थांबला तेव्हा मला दारात वैशाली दिसली. हातात तांब्या होता.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर हातात घेतो आणि ठेवतो. हे लिहायला घेतल्यावरही किती वेळा उठलो याची गणती नाही. शेवटी ठरवलं, की हे पुस्तिकेत पहिल्यांदा वाचायची पाळी तिच्यावर येऊ नये. गेल्या आठवड्यात एसटी धरली आणि टोकावड्याला गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं, यादी, चावी, खांब, घमेलं, काही ठेवलं नाही. सुपाचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही.

"माझ्या आईला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

"मी त्यांच्याजवळ कधी बसले नाय, मामा. एवढे वेळा आले. एकदा पण नाय."

मी म्हणालो, "ते तरी कुठं बसायचे." सवयीनं तोंडून गेलं. वीस वर्षांची सवय. ती हसली नाही. मला रागानं काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी निघावं की थांबावं ते मला कळेना. ती आली तेव्हा तिच्या हातात सुई-दोरा होता. "उभे रावा," म्हणाली. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लोंबत होतं, ते माझ्या ध्यानातही नव्हतं. माझ्याकडं न बघता तिनं ते शिवलं, दोऱ्याला पीळ दिला आणि टोक आत खोचलं. "लिहा," ती म्हणाली. "सगळं लिहा. चावी कुणाच्या खिशात होती ते पण लिहा." मग सूप घेऊन पुन्हा पाखडायला लागली.

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. चावी घातली, फिरेना. दाजी गेल्यापासून तेल घालायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. कसंबसं उघडलं, आतून तेलाची बाटली आणली आणि पायरीवर उभा राहून दोन थेंब सोडले. चावी दोनदा फिरवली. मागच्या दाराची कडीही राहून जायला नको म्हणून तिकडं गेलो. ते झालं, म्हणून आता जरा टेकावं असं म्हणत होतो, तेवढ्यात कपड्यांची दोरी दिसली. मधोमध झोळ पडला होता. वर्षभर असणार. मी स्टूल शोधायला आत गेलो.